दाताखालचा ओठ

गानिश एतचार्तच्या तोंडाला रक्ताची चव लागली ती कोवळ्या वयात, आणि ते रक्त कोकरांचं होतं. नेवाडाच्या डोंगरात तेव्हा नर कोकरं दातांनीच खच्ची करत. एकानं कोकरू छातीशी उलटं धरायचं. दुसऱ्यानं सुरीनं पिशवीचं टोक उडवायचं, वाकायचं, दातांनी ओढायचं आणि थुंकायचं. मग पुढचं कोकरू. दिवस कलेपर्यंत हनुवटी, मान, सदऱ्याचा गळा सगळं चिकट लाल होऊन जायचं आणि त्यावर माश्या बसायच्या. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क मुलखातून नुकते आलेले पोरगे झुडपामागे जाऊन ओकत. गानिश ओकला नाही. त्यानं फक्त विचारलं, "जेवायच्या आधी चूळ भरायला पाणी मिळेल, की तेही मेंढ्यांसाठीच?" सगळे हसले. तिथं त्याचं जमून गेलं.

डोंगरात त्यानं दोन गोष्टी शिकून घेतल्या. पहिली मोजणी. हजारभर मेंढ्या रोज सकाळी कोण मोजत बसणार? कळपात शंभर पांढऱ्यांमागे एक काळी मेंढी सोडलेली असायची. गानिश फाटकाशी उभा राहायचा, चिलीम ओढत, आणि पांढऱ्यांकडे बघायचाही नाही. काळ्या तेवढ्या बघायचा. सगळ्या काळ्या फाटकातून गेल्या की कळप पुरा. कळप संपत आला आणि एखादी काळी अजून दिसली नाही, की ती मागच्या घोळक्यात आहे, नाहीतर लांडग्याच्या पोटात. एकदा अशीच एक काळी कमी भरली म्हणून तो ओढ्याकडे परत गेला, तर खाली चाळीस मेंढ्या पडलेल्या होत्या, गळे फाडलेल्या, बऱ्याचशा अजून जिवंत. त्यानं सुरी काढली आणि एकेकीचं काम पुरं केलं.

दुसरी गोष्ट म्हणजे मुस, बास्क लोकांचा पत्त्यांचा खेळ. चौघं बसतात, दोघं विरुद्ध दोघं, आणि समोर बसलेल्या जोडीदाराला तोंडानं खुणा करायची मुभा असते. दोन राजे आले की खालचा ओठ दातात धरायचा. दोन एक्के आले की जिभेचं टोक दाखवायचं. हातात काहीच नसलं की दोन्ही डोळे मिटायचे. समोरच्यांनी खूण टिपली तर टिपली, तो त्यांचा हक्क. मात्र खोटी खूण करायची नाही. पैज फुगवता येते, थाप मारता येते, शिव्या देता येतात. तोंडावरची खूण खरीच असावी लागते. खोटी खूण करणारा टेबलावरून उठतो, त्याच्याबरोबर त्याचा जोडीदारही उठतो, आणि पुन्हा त्या दोघांना कुणी बसवून घेत नाही.

एर्रामुननं ती केली. एर्रामुन हा तेव्हा विशीतला पोरगा, खेचरांवरून तळावर पीठ, कडधान्य आणि वाइन पोचवायचा. गानिशनं त्याला खेळ शिकवला होता, घोड्याच्या जिनाखालचं कांबळं जमिनीवर पसरून. तो त्याचा जोडीदार होता. त्या संध्याकाळी दुसऱ्या कळपावरचे दोघं म्हातारे समोर बसले होते. एर्रामुननं खालचा ओठ दातात धरला, तोही असा ठळक की म्हाताऱ्यांना दिसावाच. म्हातारे बिचकले, डाव सोडला. मग पत्ते उघडले, आणि एर्रामुनच्या पत्त्यांत एकही राजा नव्हता.

म्हाताऱ्यांपैकी एक नुसता "हं" म्हणाला.

गानिश उठला. विस्तवावर पाव भाजायचं लोखंडी भांडं होतं, त्याचं झाकण त्यानं उचललं आणि एर्रामुनच्या तोंडावर घातलं. आवाज ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडल्यासारखा झाला. पोरगा विस्तवाच्या कडेला कोसळला, बाही पेटली, ती दुसऱ्यांनी विझवली. राखेत दोन दात पडले होते. गानिशनं झाकण पुसलं आणि भांड्यावर परत ठेवलं. पाव करपायला आला होता. त्या झाकणानं म्हाताऱ्यांच्या लेखी गानिशचा हिशेब फिटला, त्याला पुढंही खेळात बसवून घेत.

सकाळी एर्रामुन खेचरं घेऊन खाली गेला तो वर आलाच नाही.

वीसेक वर्षं गेली. कंपनीनं मेंढ्या विकल्या, डोंगरावरची चराई दुसऱ्या कुणाच्या गायींना गेली आणि गानिश गावात उतरला. उतरला तो उरुतीबाईंच्या हॉटेलात, कारण बास्क धनगर उतरायचा तिथंच. खाली लांबलचक जेवणाचं टेबल, वर खोल्या. त्याची धाकटी बहीण कत्तालिन तिथं स्वयंपाक करायची. नवरा वारल्यावर ती देश सोडून भावाकडे आली होती, आणि आल्यापासून उरुतीबाईंच्या स्वयंपाकघरात तिचंच राज्य होतं. रविवारी जेवणानंतर दोघं भाऊबहीण मुस खेळायला बसत. त्यांना हरवणं अवघड होतं. खूण करताना कत्तालिनचा चेहरा हलल्यासारखा वाटायचाच नाही.

उरुतीबाई थकल्या होत्या. हॉटेल विकायचं म्हणत होत्या.

"विकलं तर डोंगरातून उतरलेला माणूस झोपणार कुठं?" कत्तालिन म्हणायची. "घेऊ आपण."

"कशानं घेऊ? माझ्याकडे कुत्रं आहे आणि तुझ्याकडे झारा."

"कुत्रं म्हातारं झालंय. झारा चांगला आहे."

स्टेशनसमोरच्या कॅसिनोत गानिश पहिल्यांदा गेला तो ऊब मिळावी म्हणून. एकवीसच्या, म्हणजे ब्लॅकजॅकच्या, टेबलाशी बसला, सगळ्यात लहान पैज लावून. तिथं प्रत्येक खुर्चीपुढं नेहमीच्या पैजेच्या जागेशेजारी आणखी एक लहानसं वर्तुळ रंगवलेलं होतं, त्यात मुकुट. ही बाजूची पैज. त्यात पैसे ठेवायचे. तुम्हाला आलेले पहिले दोन्ही पत्ते राजे निघाले तर एकाचे शंभर. मालकानं हिशेब केला होता तो नुकत्या पिसलेल्या पुऱ्या कॅटचा, आणि त्या हिशेबानं ती पैज म्हणजे शुद्ध लूट होती. पण तिथली पत्ते वाटणारी आळशी होती. एकच कॅट, आणि तो जवळजवळ संपेपर्यंत ती पुन्हा पिसायची नाही.

गानिशनं दुपारभर पाहिलं. मग त्याच्या लक्षात आलं, की हे फाटकच आहे. बावन्न मेंढ्या चालल्या आहेत आणि त्यांतल्या चार काळ्या. कळप संपत आला आणि चारही काळ्या अजून गेल्या नाहीत, तर त्या मागे राहिलेल्या मूठभर घोळक्यात आहेत. अशा वेळी मुकुटावर पैसे ठेवले तर विसांत एकदा तरी लागतात, आणि देणारा देतो शंभर. वाटणारीचा उघडा पत्ता एक्का असला की ती विचारायची, विमा हवा का? म्हणजे तिचा झाकलेला पत्ता दहाच्या किमतीचा निघेल अशी आणखी एक पैज. तीही कधी घ्यायची ते त्याला कळत होतं, पण मन राजांवरच असायचं.

एकाच माणसानं कधी पैसा कधी मूठभर असं लावलं तर डोळ्यावर येतं. म्हणून बसायचा गानिश आणि पैसे लावायची कत्तालिन. ती पलीकडे नाणी टाकायच्या यंत्रापुढं बसायची. गानिशनं ओठ दातात धरला की उठून यायची, मुकुटावर पंचवीस डॉलर ठेवायची, एकदोन डाव खेळून जायची. कधी डोक्याला रुमाल, कधी उरुतीबाईंची जुनी टोपी. गानिशनं डोळे मिटले म्हणजे आज काही नाही, घरी जा. कॅसिनोत ती खूण कुणाला कळणार होती? म्हातारा धनगर, ओठ फुटलेले, डोळे पेंगुळलेले. बास्क माणूस कॅसिनोत नोकरीला असेल, आणि असला तर आपल्याच माणसाला धरून देईल, हे दोघांच्याही मनाला शिवलं नाही.

हिवाळा लागेपर्यंत राजांची जोडी त्यांना चारदा लागली, आणि हॉटेलसाठीचे पैसे साठत आले. मग मालकानं रीनोहून एक माणूस आणला. त्याचं काम छतात. खालून आरसे दिसायचे, त्यांच्यामागं फळ्यांची अरुंद वाट होती. तिच्यावरून तो माणूस मांजरासारखा फिरायचा आणि खाली बघायचा.

फेब्रुवारीतला रविवार होता. चर्च सुटून अर्धं गाव थेट कॅसिनोत आलं होतं, बुटांना बर्फ घेऊन. गानिशच्या टेबलावर फाटकातून कळप चालला होता आणि काळी एकही गेली नव्हती. त्यानं ओठ दातात धरला. कत्तालिननं पाहिलं नाही. चर्चमधली कुणी बाई तिच्या यंत्राला टेकून तिला वालाच्या सूपमध्ये लसूण कधी घालायचा ते विचारत होती. गानिशनं ओठ तसाच धरून ठेवला. एवढा वेळ धरायची त्याला सवय नव्हती.

मागून दोन हात खांद्यांवर पडले.

"गानिशकाका! केवढ्या वर्षांनी!"

बास्क भाषेत. गानिशनं मान वळवली. चाळिशी ओलांडलेला माणूस, चांगला कोट, आणि तोंडात पुढचे दोन दात बाकीच्यांपेक्षा जास्त पांढरे.

"चला, आत बसू," एर्रामुन म्हणाला. "चला म्हणजे चलाच."

आतली खोली म्हणजे यंत्रं दुरुस्त करायची जागा. एक लाकडी ओटा, त्याला लोखंडी पकड, भिंतीवर टांगलेली हत्यारं. ओट्याशी ड्वाइट नावाचा जाडजूड माणूस दुधात बुडवून केक खात होता.

"बसा काका. कोट राहू दे अंगावर, गार आहे इथं."

"तू इथं काय करतोस, एर्रामुन?"

"छपरात राहतो, कबुतरासारखा. खाली सगळ्यांची टकलं दिसतात. तुमचंही पडलं की हो."

"पत्ते लक्षात ठेवणं गुन्हा नाही."

"मुळीच नाही. बोलवू का फौजदाराला? मालकाचा मेहुणा आहे. रविवारचा जेवायलाच येतो इकडे." एर्रामुन त्याच्यापुढं उकिडवा बसला, लहान मुलापुढं बसतात तसा. "ओठ कुणासाठी चावलात?"

"थंडीनं फुटलाय."

"काय म्हणतोय म्हातारा?" ड्वाइटनं विचारलं.

"म्हणतोय, ओठ फुटलाय."

"मग आणखी काय फोडू?"

"डावा हात. उजव्यानं पत्ते धरायचेत त्याला. आणि ऐक, तोंडाला हात लावायचा नाही. तोंड मला लागणार आहे."

ड्वाइटनं हात पँटीला पुसले. त्यानं गानिशचं डावं मनगट ओट्यावर ओढलं, बोटं पकडीत सरकवली आणि दांडा फिरवला. मग भिंतीवरची हातोडी घेतली. पहिला घाव करंगळीवर पडला. गानिशला आवाज आधी ऐकू आला आणि मग कळ आली, ती खांद्यापर्यंत चढली आणि तिथून पोटात उतरली. तो ओरडला नाही. ओरडला असता, पण छाती भरायच्या आत दुसरा घाव पडला होता. तिसऱ्याला त्याला वांती झाली, स्वतःच्याच गुडघ्यांवर. चौथ्याला नख उडून ड्वाइटच्या केकवर पडलं.

"अरे, काय राव," ड्वाइट म्हणाला आणि केक बाजूला सारला.

"कोण आहे बाहेर?" एर्रामुननं विचारलं. "बाई की बाप्या?"

गानिशच्या डोळ्यांपुढं यंत्रापुढं बसलेली कत्तालिन होती. ती गेलेली नसणार. ठरलं होतं, एकमेकांना दिसलो नाही तर वेगवेगळ्या दारांनी घरी जायचं. पण ती गेलेली नसणार. लहानपणी एकदा तो विहिरीत उतरला होता, तेव्हा कठड्याशी ती अशीच बसली होती, त्याची टोपी हातात धरून, आई हाका मारून थकली तरी. तिचे हात त्याला दिसले, पीठ लागलेले, ओल्या कणकेत मनगटापर्यंत गेलेले. या ओट्यावर.

"एकटाच आहे मी."

ड्वाइटनं बरगड्यांत दोन ठोसे दिले, न विचारता. आत काहीतरी मोडलं. श्वास अर्ध्यावर अडकू लागला.

एर्रामुन उठला आणि येरझारा घालू लागला. "तुम्ही सांगणार नाही. मला ठाऊक आहे. मला तुमची आणखी एक गोष्ट ठाऊक आहे काका. तुम्ही खोटी खूण करणार नाही. जीव गेला तरी नाही. हे कळायला मला दोन दात पडलेत, म्हणून नीट लक्षात राहिलंय." तो हसला. "तर आपण परत बाहेर जाऊ. तुम्ही तुमच्या खुर्चीत बसा. मी तुमच्यामागं उभा राहीन, जुना दोस्त भेटल्यासारखा. राजे आत राहिले की तुमचा ओठ आपोआप दातात जाईल. जो कुणी उठून येईल आणि मुकुटावर पैसे ठेवील, त्याला ड्वाइट इथं आणेल."

"आणि मी बसलोच नाही तर?"

"तर दारं लावून घेतो, आणि बाहेर जितके बास्क आहेत तितक्यांना एकेक करून या ओट्याशी आणतो. अर्धं चर्च आहे. कुणापासून सुरू करू सांगा, बायकांपासून?"

त्यांनी त्याचा हात पकडीतून सोडवला. ड्वाइटनं स्वतःचा कातडी हातमोजा आणला आणि त्या हातावर चढवला, बोटं कुठं वळतात ते न बघता. या वेळी गानिश ओरडला. मग तोंड ओल्या फडक्यानं पुसून त्याला बाहेर नेलं.

दिवे, धूर, नाण्यांचा खळखळाट, सगळं होतं तसंच होतं. टेबलावर एक ट्रकवाला आणि एक नवराबायकोची जोडी. पत्ते वाटणारीनं विचारलं, "बरं वाटत नाही का आजोबा?"

"दाढ दुखतेय त्याची," एर्रामुन म्हणाला आणि गानिशच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

गानिशनं वर पाहिलं नाही, पण डोळ्याच्या कडेतून रुमाल दिसला. हिरवा. ती तिथंच होती, यंत्रापुढं, मांडीवर पर्स. नाणं टाकत नव्हती, नुसती त्याच्याकडे बघत होती.

कॅट नव्यानं पिसलेला होता. मांडीवर ठेवलेल्या हातमोज्यात काहीतरी ओलं भरत चाललं होतं. पत्ते पडू लागले. फाटक उघडलं.

आयुष्यात त्यानं इतक्या तळमळीनं काळ्या मेंढीची वाट पाहिली नव्हती. एक राजा पडू दे. दोन पडू देत. राजे निघून गेले की डोळे मिटायचे, खरीखुरी खूण करायची, काही नाही, घरी जा. मग कत्तालिन जाईल आणि त्याला खोटं काही करावं लागणार नाही. सत्ता पडला. दुर्री. राणी. ट्रकवाल्याला दश्शी. नऊ, चार, चार. वाटणारीनं आपला झाकलेला पत्ता उलटला, गुलाम. दुसरा डाव. एक्का, सहा, राणी, तीन. खूण न करता बसून राहणंही शक्य नव्हतं. कत्तालिनला तो अवघडल्यासारखा बसलेला दिसत होता. थोडा वेळ गेला की ती उठून सरळ इथं येईल, दंडाला धरेल, म्हणेल, चल जेवायला. तिला परत पाठवणारी खूण एकच होती.

तिसरा डाव. गुलाम, आठ, पंजा, पंजा. गानिशला दिसत होतं, पांढऱ्या चालल्या आहेत, पांढऱ्याच चालल्या आहेत, धुळीत, मिटलेल्या डोळ्यांच्या, आणि मागं उरलेल्या लहानशा घोळक्यात चारही काळ्या एकमेकींना चिकटून उभ्या आहेत. कॅट वाटणारीच्या पंजात मावेनासा होता तो आता बोटांत मावत होता.

आणि त्याचा ओठ हलला. त्यानं हलवला नव्हता. तो आपणहून आत सरकू लागला, इतक्या वर्षांच्या वाटेनं, दातांच्या खाली. एर्रामुनचा खांद्यावरचा हात घट्ट झाला. एर्रामुन पत्त्यांकडे बघत नव्हता. पत्ते मोजण्याची त्याला गरजच नव्हती, त्याच्यापुढं गानिशचं तोंड होतं.

पलीकडे कत्तालिन उठली. पर्स काखेत घेतली.

गानिशनं मांडीवरचा हात टेबलाच्या कडेवर आपटला. पांढरी आग डोक्यापर्यंत गेली, जबडा उघडा पडला, ओठ सुटला. आणि त्या आगीतच त्यानं दोन्ही डोळे मिटले.

मिटूनच ठेवले.

"काही नाही?" एर्रामुन कानाशी कुजबुजला. त्याच्या आवाजात नाराजी होती, संशय नव्हता. "काही हरकत नाही. पुढचा कॅट पाहू. आपल्याला घाई कुठं आहे."

काळोखात गानिश ऐकत होता. टाचांचा आवाज इकडे येतो की तिकडे जातो? नाण्यांच्या खळखळाटात काही कळेना. ती थांबली असेल. ती बघत असेल, हा हातमोजा कुणाचा, हा मागं उभा माणूस कोण. जा कत्ता. जा बाई. मग मानेवर गार झुळूक आली. रस्त्याकडचं दार उघडलं होतं, बर्फाचा वास आत आला होता, आणि दार बंद झालं.

समोर ट्रकवाल्यानं एवढी आरोळी ठोकली की वाटणारी दचकली. गानिशनं डोळे उघडले. ट्रकवाल्यापुढं दोन राजे पडले होते, किलवर आणि बदाम. मुकुटावर त्यानं एक डॉलर ठेवला होता. "शंभर! आईशप्पथ, शंभर!" तो वाटणारीच्या हाताचा मुका घेऊ पाहत होता. पुढच्या पत्त्यात वाटणारीलाही राजा आला. त्याच्या पुढच्यात चौथा.

एर्रामुननं ते चारही पाहिले. एकेक करून पाहिले. त्याचा हात गानिशच्या खांद्यावर होता तो जड झाला. आधी त्यानं हॉलमध्ये नजर फिरवली, यंत्रांवरून, दारावरून. मग खाली वाकला. चेहरा असा झाला होता की जणू त्यालाच कुणी मारलं आहे.

"तुम्ही?" तो म्हणाला. "तुम्ही केलीत?"

गानिश ट्रकवाल्यापुढच्या राजांकडे बघत होता.

"मग मला कशाला मारलंत हो त्या दिवशी?"

आत गेल्यावर त्यानं ड्वाइटला बाहेर काढलं आणि हातोडी स्वतः घेतली. उजवा हात त्यानं पकडीत घाईघाईनं, तिरपाच घातला, त्यामुळं घाव नीट पडले नाहीत. जिथं एका घावात भागलं असतं तिथं तीन लागले. तो रडत होता आणि मारत होता. काका म्हणत होता, मग शिवी देत होता, मग पुन्हा काका. शेवटी त्यानं गानिशचं डोकं केसांना धरून मागं ओढलं. "आता तोंडाची गरज नाही," तो म्हणाला, आणि हातोडीचा दांडा वरच्या दातांवर आणला. दोन पडले. त्यानं मोजले बहुतेक, कारण तिथं तो थांबला.

त्यांनी गानिशला मालगाडीच्या रुळांपलीकडे, रिकाम्या मेंढवाड्यात टाकलं. तो लाकडी कुंपणाशी पाठ टेकून बसला, हात बर्फात खुपसून. बर्फ गुलाबी होत गेला. दिवस अजून होता. कत्तालिननं त्याला शोधलं ते कुत्र्याच्या नाकानं. हॉटेलातल्या चौघांनी दाराच्या फळीवर घालून उचलून आणलं.

हात बरे झाले म्हणजे दुखायचे थांबले. बोटं वळली ती वळलीच. कप दोन मनगटांमध्ये धरता यायचा, तेवढंच. उरुतीबाईंनी ते हात पाहिले आणि हॉटेल विकायची भाषा त्यांनी पुन्हा काढली नाही. 

उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एका रविवारी, कत्तालिन पाव तोडून त्याच्या सूपमध्ये टाकत होती. टेबलाच्या टोकाला मुसची मांडामांड चालली होती. गुण मोजायचे खडे डब्यातून ओतल्याचा आवाज आला.

"त्या दिवशी," ती खालच्या आवाजात म्हणाली, "राजे गेले होते ना?"

गानिशनं घोट गिळला. समोरच्या दातांच्या फटीतून त्याचे शब्द आता जरा वाऱ्यासारखे यायचे. "एकही नाही. चारही आत होते."

तिनं पाव तोडायचं थांबवलं.

"मला वाटलं, गेले. म्हणून मी गेले."

"म्हणूनच मिटले."

 तिनं राहिलेला पाव तोडून टाकला, चमच्यानं तो खाली दाबला, आणि चमचा त्याच्या तोंडाशी नेला.

"कत्तालिन!" टेबलाच्या टोकाकडून म्हातारा लोरान ओरडला. "दोघांची जोडी कमी पडतेय. ये, त्यालाही आण. पत्ते मी धरतो त्याचे. खूण तर काय, त्याला आता दातच नाहीत, ओठ नुसता आत घे म्हणावं!"

लोक हसले. गानिशही थोडासा हसला.

कत्तालिन उठली. अॅप्रनला हात पुसले आणि टेबलाच्या टोकाशी गेली. तिथं दोन स्टुलं नेहमी मोकळी ठेवत, तिचं आणि त्याचं. तिनं दोन्ही उचलली, एकात एक अडकवून.

"आम्ही नाही बसत," ती म्हणाली.

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि तो. त्यानं खोटी खूण केलीय. जोडी उठली."

लोरानच्या हातात पिसायला घेतलेले पत्ते होते. त्यानं गानिशकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे, मग पुन्हा तोंडाकडे.  विचारण्यासारखं काही नव्हतं, नियम सगळ्यांना माहीत होता. कत्तालिननं स्टुलं स्वयंपाकघरात नेली. एकावर पिठाचा डबा ठेवला, आणि दुसरं चुलीशी, भावाला बसायला.

बाहेर लोरान पत्ते पिसत होता. बराच वेळ पिसत होता. मग त्यानं ते तसेच टेबलावर ठेवले आणि खडे एकेक करून डब्यात परत टाकायला लागला.